पेगीचा पाय

९ जुलै
खेळाडूंचं गाव, इमारत क, खोली ३१२

टाँटी,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी टीचर ऑलिव्हकडून वाचून घे आणि मग फाड. दोन वर्षांत मी एक ओळ पाठवली नाही आणि आता एकदम कॅनडातून लिहितोय, तेही पेगीनं हातात पेन कोंबलं म्हणून. ती समोर बसून बुटांत नाड्या ओवतेय. म्हणाली, पहिली ओळ माफीची लिही. मी म्हटलं, टाँटीला माफी वाचून दाखवली तर ती टीचरलाच घराबाहेर काढेल.

तुझं कंबरेचं हाड मोडलं आणि तुला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्यायचं ठरलं, त्याच सकाळी मी सिमेंटच्या बोटीवर चढलो. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. तुझा निरोप मला त्रिनिदादच्या बंदरात पोचला होता: मॅनिकूला सांगा, माझ्या पायरीवर यायचं नाही. बरोबर आहे. मॅनिकू हे नाव तूच ठेवलंस. तो प्राणीसुद्धा एका झाडावर दोन दिवस काढत नाही. पण पेगी, तुझी पोटची पोरगी, वर्षभर धावणं सोडून तुला उचलत-बसवत होती आणि मी, तू मावशी होऊन वाढवलेला, बंदरात पोती मोजत होतो, हे मला कळत होतं. एवढंच.

तिथंच एका रविवारी मैदानावर भाला फेकला, गंमत म्हणून. तो इतका लांब गेला की मोजणारा माणूस फीत आणायला परत गेला. पेगीला कळलं. तिनं मिस्टर पिव्हॉटच्या दारात तीन दिवस बसून माझं नाव संघात घालून घेतलं. तुला सांगितलं नसेल तिनं.

आता इथलं. आम्ही खेळाडू पाच आणि आमच्याबरोबर आलेले साहेब नऊ. संघाचे प्रमुख मिस्टर पिव्हॉट, म्हणजे आपल्या बोसेजूरचेच, आपल्यापासून चौथं घर. त्यांच्या हाताखाली उपप्रमुख, त्याचा मेहुणा, मंत्र्यांचा माणूस, त्या माणसाचा माणूस. आणि मिस हायसिंथ पिव्हॉट, गळ्यात डॉक्टरचं कार्ड. टाँटी, मिस हायसिंथ! धक्क्यासमोरच्या टोप्यांच्या दुकानातली! कार्डं मोजकीच मिळाली म्हणून नर्स जोसेफ घरी राहिला आणि त्याचं कार्ड हिच्या गळ्यात आलं. काल आपला बॉक्सर तिच्याकडे मनगटाला पट्टी मागायला गेला. तिनं पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली. त्यानं ती खाल्ली, बिचाऱ्यानं.

इथं एक मालगाडी जाते. मी एकशे अठरा डबे मोजले, मग जेवणाची वेळ झाली. डास आपल्यापेक्षा मोठे, पण बुद्धीनं मंद, मारायला सोपे.

पेगीची काळजी करू नकोस. तू दिलेली जायफळाच्या तेलाची बाटली तिनं मोज्यात गुंडाळून आणलीय. रोज संध्याकाळी तू शिकवलंस तसं पायांना आधी मेणचट चरबी, मग तेल, खालून वर. आठशे मीटरची शर्यत गुरुवारी सकाळी आहे. वाऱ्यासारखी धावतेय. दुसऱ्या देशांचे प्रशिक्षक घड्याळ काढून बघत उभे राहतात आणि मग आपापसांत बोलतात.

तुझा,
मॅनिकू

१२ जुलै
तिथेच

टाँटी,

काल उद्घाटन झालं. तुम्ही रमच्या दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं असेल. म्हणजे काहीच पाहिलं नसेल, कारण आमच्यासमोर नऊ साहेब चालत होते.

झेंडा पेगीनं न्यायचा असं ठरलं होतं. बोगद्यात उभे असताना मिस्टर पिव्हॉट म्हणाले, झेंडा जड आहे, पोरीचे खांदे गुरुवारसाठी जपायला हवेत, आण इकडे. आणि घेतला. मग ते पुढे, उजवीकडे मिस हायसिंथ पिवळ्या टोपीत, मागे बाकीचे साहेब हातात फोन घेऊन स्वतःचेच फोटो काढत. आम्ही पाच जण त्यांच्या पाठी बघत चाललो. आपल्या देशाचे कोट लोकरीचे आहेत आणि सगळे साहेबांच्या मापाचे. माझ्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. पलीकडून बार्बेडोसची एक मुलगी म्हणाली, काय रे, तुमच्याकडे पोटाची पण स्पर्धा असते का? मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

जेवताना मिस्टर पिव्हॉट आमच्या टेबलावर आले. हातात बरगड्यांची ताटली, बोटं सॉसनं माखलेली. फॉर्म भरायच्या गोष्टी सांगत होते. म्हणे बाकीच्या देशांत दहा-दहा माणसं कागद तपासत बसतात, मी डोळे मिटून भरतो, आपली पोरं मला तोंडपाठ आहेत. पेगीला म्हणाले, "तुला तर बाप्तिस्म्याला मी पाण्याशी धरलंय, पाद्री तुझ्या डोक्यावर पाणी ओतत होता तेव्हा तू माझ्याच कोटावर मुतलीस." सगळे हसले. पेगीपण हसली. ती सगळ्यांशी चांगली वागते, तुझ्यावर गेली नाही. (टीचर, हे वाक्य वाचून दाखवायचं नाही.)

उद्या साहेबांची बस धबधबा बघायला जाणार आहे आणि येताना बाजारात थांबणार आहे, कारण मिस हायसिंथला चाकांच्या बॅगा हव्यात. आम्हाला सराव आहे. बरंच झालं.

मॅनिकू

१५ जुलै

टाँटी,

पेगी धावली नाही. पाय दुखावला. सराव करताना पोटरी धरली आणि खाली बसली. तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. इथं सगळं नीट चाललंय, तिची काळजी घेत आहेत. ती जास्त बोलत नाही, झोपलीय.

इथल्या खारी माणसाला भीत नाहीत. एक खार माझ्या बुटावर चढून बसली. रंगानं करडी, शेपटी मोठी. आपल्याकडे अशी खार असती तर एका दिवसात रश्श्यात गेली असती. माझी फेक उद्या संध्याकाळी आहे.

लिहायला आणखी काही नाही.

के.

१८ जुलै

टाँटी,

तिसरा आलो. तुला माहीत आहेच, तिकडे म्हणे चर्चच्या घंटा वाजवल्या. मंत्र्यांनी फोन केला. माझं नाव ते दोनदा चुकले, मग म्हणाले, बेटा, तू आपल्या देशाची मान उंच केलीस. मागून कोणीतरी ग्लासात बर्फ टाकत होतं. शनिवारी, एकतीस तारखेला, धक्क्यावर मंडप घालणार आहेत, ट्रकवर उभं करून मिरवणार आहेत, शाळेला सुट्टी. मिस्टर पिव्हॉट हे सगळं मला सांगत होते आणि माझ्या मानेवर हात ठेवून होते. त्यांचा हात नेहमी ओला असतो. आंघोळ केली तरी तो हात मला मानेवर जाणवत होता. मग पुन्हा आंघोळ केली.

पदक जड आहे. त्याला वास येतो, नाण्यांसारखा. मी ते मोज्यात घालून पलंगाखाली ठेवलंय.

पेगीला काल विमानात बसवून दिलं. मिस्टर पिव्हॉट म्हणाले, जखमी माणसाला इथं ठेवून काय उपयोग. तिच्या पायाला पांढरी पट्टी बांधली होती, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. मिस हायसिंथनं बांधली. मी बसपर्यंत तिची पिशवी नेली. ती माझ्याशी बोलली नाही. बस निघताना खिडकीतून फक्त एवढं म्हणाली, "टाँटीला त्रास देऊ नकोस." ती तुला घरात मम्मी म्हणते, पण माझ्याशी बोलताना टाँटीच म्हणते. का ते मला माहीत नाही.

तिला पाय चोळून दे. म्हणजे, नको, डॉक्टर म्हणाल्या विश्रांती द्या, हात लावू नका. तू हात लावू नकोस.

मॅनिकू

२६ जुलै
(आता खेळाडूंच्या गावात नाही. आपल्याकडचा एक माणूस इथं कारखान्यात आहे, त्याच्या सोफ्यावर आहे. शुक्रवारचं विमान आहे, तोपर्यंत.)

टाँटी,

तुझं पत्र पोचलं. पहिल्यांदा तुझं पत्र आलं मला, आयुष्यात. अक्षर टीचर ऑलिव्हचं, पण शब्द तुझे, कारण टीचर 'गाढवा' असं लिहिणार नाही.

तू लिहिलंस: "मी चाळीस वर्षं या गावाचे पाय चोळतेय. तिची पट्टी मी ती आली त्याच दिवशी सोडली. पोटरीत गाठ नाही, सूज नाही, शीर सरळ आहे, बोटाखाली लोण्यासारखी. या पायाला काही झालेलं नाही. पोरगी बोलत नाही. गाढवा, तू बोल."

मी ते दहा वेळा वाचलं. मला वाटलं होतं, जगातल्या कोणालाही फसवता येईल, पट्टी चांगली लांब आहे. तुझी बोटं मी विसरलो होतो. लहानपणी मी शाळा चुकवायला पाय मुरगळला म्हणायचो आणि तू घोट्याला हात लावून मला थेट शाळेत पाठवायचीस.

तू पुढे लिहिलंस की गावात काय काय बोलतात. की ती घाबरली. की तिला दिवस गेलेत. की पाणवठ्यावर बायका तिच्या पोटाकडे बघतात. आणि रमच्या दुकानावर तिच्या नावाचा जो कापडी फलक होता, तो उतरवून त्याच कापडाच्या मागच्या बाजूला माझं नाव रंगवलं. टाँटी, हे वाचल्यावर मी मोरीत जाऊन ओकलो. खरंच. ज्याच्या सोफ्यावर आहे तो म्हणाला, काय खाल्लंस? मी काही खाल्लं नव्हतं.

आता सांगतो. मध्येच थांबणार नाही, नाहीतर परत खारींवर जाईन.

त्या गुरुवारी सकाळी पेगी धावायला गेली, मी बरोबर होतो. शर्यतीआधी एका खोलीत सगळ्यांची हजेरी घेतात, छातीवरचा नंबर देतात. एकेक नाव घेतलं. पेगीचं नाव आलंच नाही. तिनं विचारलं. तिथल्या बाईंनी यादी परत वाचली, मग आणखी एक यादी काढली आणि म्हणाल्या, तुमच्या देशातून पेगी शार्ल नावाची मुलगी नोंदवली होती, पण त्या नावाचं कोणी इथं आलेलंच नाही. पेगीनं गळ्यातलं कार्ड पुढे केलं. कार्डावर पासपोर्टाचं नाव, व्हर्लिन ऑगस्टिना शार्ल. बाई म्हणाल्या, या नावानं तुम्ही कुठल्याच शर्यतीत नाही.

कळलं ना? मिस्टर पिव्हॉटनी डोळे मिटून फॉर्म भरला होता. बोसेजूरमध्ये तिला पेगीशिवाय दुसरं नाव आहे हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? मलाही विमानतळावर तिनं पासपोर्ट पुढे केला तेव्हा कळलं. माझंही घरचं नावच पडलं असतं, पण मी गावाबाहेरून आलो, त्यांनी माझ्या पासपोर्टाची प्रत मागवली आणि त्यावरून नाव उतरवलं. जी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली, तिचा पासपोर्ट उघडायची त्यांना गरजच वाटली नाही. पाद्र्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा तिला हातात धरून हाच माणूस उभा होता.

ही चूक झाली. चुकीसाठी मी कोणाच्या तोंडावर थुंकत नाही, आपण सगळे तेच करतो. मेलेल्या माणसाचं खरं नाव आपल्याला रेडिओवरच्या मृत्यूच्या बातम्यांत कळतं. पण त्या बाईंनी एक कागद दाखवला. सोमवारी आमच्या संघाला कळवलं होतं: या नावाचं कार्ड सापडत नाही, मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्ती करा, पाच मिनिटांचं काम. कागद मिस्टर पिव्हॉटच्या खणात पडला होता. मंगळवारी ते धबधब्यावर होते. मग चाकांच्या बॅगा घेत होते. त्या नऊ जणांतला एकही माणूस मागे राहिला नव्हता.

पेगी रडली नाही. बाकीच्या मुली नंबर लावून रांगेत बाहेर गेल्या. दार बंद झालं. बंदुकीचा आवाज आम्ही आतून ऐकला. दोन मिनिटं आणि थोडं. तिनं तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग म्हणाली, "आता संपली असेल."

दुपारी मिस्टर पिव्हॉटच्या खोलीत. ते जेवत होते, पुन्हा त्याच बरगड्या. म्हणाले, ही गोष्ट बाहेर गेली तर देशाचं हसं होईल. देशाचं! कागद तयार होता: सराव करताना पोटरीला दुखापत, म्हणून माघार. डॉक्टर म्हणून मिस हायसिंथची सही. साक्षीदार म्हणून संघातला एक खेळाडू हवा होता. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला, त्याच्या कोपऱ्याला सॉसचं बोट उमटलं होतं.

मी म्हटलं, मी असं काही पाहिलं नाही.

ते म्हणाले, "मॅनिकू, उद्या तुझी फेक आहे. कोणाला विमानात बसवायचं आणि कोणाला मैदानात उतरवायचं, ते मीच ठरवतो. एकीला तर बसवतोच आहे. तुला पण बसायचंय?"

मी पेगीकडे बघितलं. तिनं सही कर म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही. ती खाली बघत बुटांच्या नाड्या सोडत होती, धावायच्या बुटांच्या, जे तिनं अजून काढले नव्हते. मी सही केली. लिहिलं की तिला पोटरी धरून खाली बसताना मी पाहिलं. पेन चांगलं चालत होतं. मला आठवतं की मी तेव्हा पेनाचाच विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी भाला माझ्या हातून असा गेला, जसा कधीच गेला नव्हता. रागानं गेला म्हणावं तर राग मला माझाच आला होता. आणि मग घंटा, मंत्री, ओला हात.

ती का बोलत नाही ते मला माहीत आहे आणि आता तुलाही कळायला हवं. बसमध्ये चढायच्या आधी मिस्टर पिव्हॉट तिला म्हणाले, मी शेजारीच उभा होतो: खोट्या कागदावर मॅनिकूची सही आहे, तू तोंड उघडलंस तर पदक जाईल त्याचं, विचार कर. तिनं विचार केला. तेव्हापासून ती गप्प आहे. आधी एक वर्ष तुझ्यासाठी गेलं तिचं, म्हणजे खरं तर माझ्यासाठी, कारण तुला इस्पितळात नेणं माझं काम होतं. आता हे. मी पोरीचं दोनदा खाल्लं, टाँटी. साहेबांची किळस येते म्हणून मी पानंच्या पानं लिहिली तुला, त्यांची पोटं, त्यांच्या टोप्या. ते सोपं होतं लिहायला.

मॅनिकू

२७ जुलै

टाँटी,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. हे त्यालाच जोडतोय. इथं काम करणारी आपल्याकडची एक नर्स बुधवारी तिकडे जातेय, दोन्ही तिच्या हाती देतो, म्हणजे माझ्या आधी तुला मिळतील. टपालाचा भरवसा नाही आणि माझा तर त्याहून नाही.

सकाळी मी स्पर्धेच्या कचेरीत गेलो. हजेरीच्या खोलीतल्या त्या बाई अजून होत्या, खोकी भरत होत्या. सोमवारच्या कागदाची प्रत मागितली. त्यांनी विचारलं कशाला. मी म्हटलं, आमच्या गावात एका मुलीच्या पोटाकडे बघतात, म्हणून. त्यांना काही कळलं नसेल, पण त्यांनी शिक्का मारून प्रत दिली. ती या पाकिटात आहे. तारीख आणि वेळ दोन्ही आहेत. टीचरना मोठ्यानं वाचायला सांग.

माझ्या सहीचा कागद खोटा होता हेही मी तिथं लिहून दिलं. पदक ठेवतील की काढतील, त्या म्हणाल्या, त्यांच्या हातात नाही. माझ्याही नाही.

शनिवारी मी धक्क्यावर पदक घालूनच उतरणार आहे. नाही घातलं तर ते मला माईक देणार नाहीत. मंडपात मंत्री असतील, पिव्हॉट असतील, पिवळी टोपी असेल. मला बोलायला सांगतील. आणि टाँटी, मी मला ओळखतो. लोक माझं नाव घेऊन ओरडायला लागले, कोणी हातात थंड बाटली दिली, की मी गोड होईन. म्हणेन, सगळ्यांचे आभार, आणि खाली बसेन, आणि रविवारी कुठल्या तरी बोटीवर असेन. तुझ्या इस्पितळाच्या दिवशीही सकाळपर्यंत मी तुला न्यायचंच ठरवलं होतं.

म्हणून तू ये. पायरीवर येऊ नको म्हणालीस, मी येणार नाही, तूच धक्क्यावर ये. पेगीला घेऊन पहिल्या रांगेत बस. ती नाही म्हणाली तर ओढून आण, तुझ्यापुढे कोणाचं चाललंय? मी नुसते आभार मानून बसायला लागलो, तर काठी टेकून उभी राहा आणि सगळ्या गावासमोर मला विचार, पेगीच्या पायाला काय झालं होतं? मी उत्तर देईपर्यंत खाली बसू नकोस. बँड वाजवायला लागले तरी बसू नकोस.

आणि मी बोटीतून उतरलोच नाही, तर हे पत्र तिथंच वाचायला लाव. खाली पूर्ण नावाची सही करतोय, त्या कागदावर केली होती तशीच. कोणाला शंका आली तर ताडून बघू दे.

केसन अल्फ्रेड रेमी